रेखा बसली की मशीन बसायचं

"ते सगळं झालंय हो मॅडम," असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी पदर खोचायचे आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढायचे. कंपन्यांमध्ये कॉम्प्युटर बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले पुन्हा उभे करणं हे काम मी निवृत्त होईपर्यंत केलं, आणि या एका वाक्यावर माझं घर चाललं. ज्याचं खरंच सगळं झालेलं असतं, तो मला कशाला बोलावेल?

मी सांगतेय ती ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मुंबईच्या एका कंपनीत मी सर्व्हिस इंजिनियर होते आणि राहायला सासरी, कर्जतला. आमच्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "कर्जत-खालापूर तुम्ही बघा. घरच्या घरी काम." घरच्या घरी म्हणजे एसटीने चौक गावापर्यंत, तिथून मिळेल त्या टेंपोने हायवेवरचा कुठला तरी कारखाना, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात फ्लॉप्यांची पेटी. गेटवरचा वॉचमन मला सलाम करायचा आणि माझ्या पाठीमागे बघायचा. इंजिनियर उतरला की नाही, ते.

आता ज्याला सर्व्हर म्हणतात त्याला आम्ही नुसतं मशीन म्हणत असू. लहान फ्रिजएवढं एक खोकं, त्याला वायरींनी जोडलेले चार-सहा पडदे आणि कळफलक. पडद्यांना स्वतःची अक्कल नसायची, सगळी अक्कल खोक्यात. त्या खोक्यात सॉफ्टवेअर थराथराने चढवावं लागे. तळाला यंत्राला चालतं करणारी प्रणाली, तिच्यावर माहिती साठवणारा आणि हवी तेव्हा काढून देणारा डेटाबेस, आणि सगळ्यात वर गिऱ्हाइकाला हवं ते काम करणारं पॅकेज. गिऱ्हाइकाचं लक्ष फक्त वरच्या थराकडे. पण डाळ कच्ची राहिली तर पोळी लाटणारीने काय करावं? पोळी फुटते, पुरण बाहेर येतं, आणि सगळे लाटणारीला बोल लावतात. त्यात मशीनला खरं कारण सांगायची सवय नसते. ते जिथे पडलं तिथलं नाव घेतं, ज्याला अडखळलं त्याचं घेत नाही.

सॉफ्टवेअरच्याही आधी वीज. खोपोली रस्त्यावरच्या एका औषधाच्या कारखान्यात मशीन रोज दुपारी झोपायचं आणि हात लावला की मुंग्या यायच्या. मी म्हटलं, अर्थिंग दाखवा. "झालंय की मॅडम." तरी दाखवा. अर्थिंगची तार जमिनीत खोल पुरलेल्या पट्टीपर्यंत जायला हवी. मी तारेचा माग काढत खोलीबाहेर, व्हरांड्यातून, पायऱ्यांपर्यंत गेले. तार एका कुंडीत शिरत होती. कुंडीत शेवंती. कंत्राटदाराला बोलावलं तर तो माझ्यावरच उखडला. "मातीतच न्यायची ना तार? मग ही काय माती नाय?" वर शेवंती चांगली तरारली आहे, हेही त्याने मला दाखवलं.

तेव्हापासून मी ठरवलं, की कुणी काही सांगो, तळापासून बघायचं. हा हट्ट लोधिवलीजवळच्या एका डब्यांच्या कारखान्यात कामी आला. ती गोष्ट मला आजही कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिथे पत्र्याचे डबे व्हायचे. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे. मालक शेठ, पन्नाशीचे, चांगले माणूस, पण त्यांना कुठलीही गोष्ट दोनदा ऐकायची सवय नव्हती. गोदामातला माल आणि गाड्यांची रवानगी कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणून त्यांनी मशीन घेतलं, चार पडदे लावले, आसपासच्या गावांतल्या टायपिंग पास झालेल्या चार मुली नेमल्या, आणि त्यांच्यावर सबनीस नावाचे एक कॉम्प्युटर मॅनेजर. सबनीस पुण्याहून कोर्स करून आलेले. टाय लावायचे. त्या कारखान्यात पत्र्याच्या धुरळ्यात टाय लावणारा तो एकच माणूस होता.

उद्घाटन थाटात झालं. त्यानंतर महिना उलटला तरी मशीन नीट चालेना. आमच्या कंपनीचं पॅकेज, म्हणून आरोपी आमची कंपनी. शेठनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं: शनिवारपर्यंत चाललं नाही, तर मशीन परत न्या, आणि मुलींना मी घरी पाठवतो.

मी पोचले तेव्हा मशीनच्या थंडगार खोलीत चारपैकी एकच मुलगी काम करत होती. सुमन. दोघी लोकरीचं काहीतरी विणत होत्या. चौथी दाराबाहेर स्टुलावर बसलेली. उंच, सावळी, हातावर हात बांधून.

"ही बाहेर का?" मी सबनीसांना विचारलं.

त्यांनी टाय सारखा केला. "ती रेखा. तिला... शेठनी मशीनजवळ यायची मनाई केलीय."

"का?"

उत्तर रेखानेच दिलं, तिथूनच, मोठ्याने. "मी पांढऱ्या पायाची हाय म्हणून! मी बसली का मशीन बसतंय."

मला आधी वाटलं चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती. झालं होतं असं: पहिल्या पडद्यावर सुमन बसायची, दुसऱ्यावर रेखा. सुमनने काम सुरू केलं की सगळं सुरळीत. रेखाने आपलं नाव टाइप केलं, की दोन्ही पडदे गोठायचे आणि वर यायचं, "टर्मिनल सापडत नाही." टर्मिनल म्हणजे तो पडदा. मग सबनीसांनी रेखाचा पडदा बदलला. वायर बदलली. उंदरांनी कुरतडली असेल म्हणून पिंजरे लावले. पिंजऱ्यात दोन उंदीर सापडलेही, आणि दोन दिवस सगळे आनंदात होते. तिसऱ्या दिवशी रेखा बसली आणि मशीन बसलं. शेवटी शेठ म्हणाले, हिला उठवा. हिला उठवलं, चालतंय ते बिघडू नये म्हणून बाकीच्या दोघींनाही बसू दिलं नाही, सुमन एकटीच राहिली, आणि मशीन दिवसभर चाललं! सिद्ध झालं. विज्ञानाचा असा विजय मी पुन्हा पाहिला नाही.

"हसू नका मॅडम," रेखा म्हणाली. "चौकच्या बाजारात पन बोलतात. मला बघून गेलेली मानसं, त्यांनी निरोप धाडलाय, जरा थांबू म्हनून. माझ्या आयला तोंड दाखवायला जागा नाय."

मी हसायची थांबले.

"सुमन, ऊठ. रेखा, तू ये. पहिल्या पडद्यावर बस."

सबनीस म्हणाले, "शेठनी..."

"शेठना सांगा मी सांगितलं."

रेखा बसली. नाव टाइप केलं. मशीन चाललं. तिने दोन-चार नोंदी केल्या, मशीनने त्या निमूट घेतल्या. मग मी सुमनला दुसऱ्या पडद्यावर बसवलं. तिने नाव टाकलं मात्र, दोन्ही पडदे गोठले. टर्मिनल सापडत नाही.

सुमन रडायला लागली. तिला वाटलं पाय आता तिचे पांढरे झाले. मी मशीन पुन्हा चालू केलं आणि दुसऱ्या पडद्यावर स्वतः बसले. गोठलं. मग सबनीसांना बसवलं. त्यांच्याही पायांनी गोठलं.

रेखा माझ्याकडे बघत होती. "म्हंजी कोन पन दुसरं बसलं का मरतंय?"

"कोण पण."

"आन् इतके दिस मी भायेर बसली?"

विणणाऱ्या मुलींच्या सुया थांबल्या होत्या.

एकाच वेळी दोघांना लिहायचं असलं, की कोणी आधी आणि कोणी नंतर, ते ठरवणारा एक तुकडा डेटाबेसमध्ये असतो. तो इथे जागेवर नसावा, असा मला संशय आला. पॅकेज बरोबर होतं, त्याच्याखालचा थर अर्धवट होता. मी सबनीसांना विचारलं, "डेटाबेस कोणी चढवला?"

"मीच. उद्घाटनाला. सगळ्यांसमोर. ते सगळं झालंय."

मी पदर खोचला. "मूळ फ्लॉप्या कुठे आहेत?"

इथे सबनीसांचा चेहरा जरा विचित्र झाला. फ्लॉप्या शेठच्या केबिनमध्ये होत्या. केबिनमध्ये कुठे? देव्हाऱ्यात.

जेवणाची सुट्टी झाली होती, शेठ घरी गेले होते, म्हणून थांबावं लागलं. तेव्हा गोदामातला एक जण माझ्यासाठी चहा घेऊन आला. बाळारामकाका, गोदामाचा मुख्य कारकून, डोक्याला टोपी, तोंडात तंबाखू. कुठल्या मजल्यावर, कुठल्या घडवंचीवर किती डबे आहेत ते विचारावं आणि त्याने डोळे मिटून सांगावं, असा त्याचा लौकिक होता. (मी नंतर ताडून पाहिलं. निम्म्या वेळा चुकायचा, पण डोळे फार विश्वासाने मिटायचा.) रेखा त्याची पुतणी, त्यानेच शब्द टाकून तिला चिकटवलेली.

"चालंल का वो हे?" त्याने खोक्याकडे हनुवटी उडवली.

"चालेल."

"बंद हाय त्येच बरं हाय, खरं सांगू का. हे चाललं का आमी चौघं गोदामवाले काय डबे वाजवनार?" मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "पन पोरीचं नाव खराब झालंय. म्हून म्हनतो चालू दे. माझं मलाच कळना देवाला काय मागू." आणि चहाची बशी उचलून निघून गेला.

शेठ आले, त्यांच्यासोबत त्यांची आई. सगळे त्यांना आईसाहेब म्हणायचे. सत्तरीच्या, बारीक, नाकात चमकी, आणि कारखान्यात सगळ्यांत कमी बोलणारं आणि सगळ्यांत जास्त ऐकलं जाणारं माणूस. शेठनी देव्हाऱ्यातून फ्लॉप्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. वर सुकलेला झेंडू, खाली उदबत्तीची राख.

त्या काळची फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटात चपटी चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिथून मशीन चकतीला टेकून वाचतं. त्या खिडकीला बोट लावू नये, हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगतो. मी झेंडू बाजूला केला आणि वरची फ्लॉपी उचलली. खिडकीच्या बरोबर मध्यावर हळद होती. तिच्यावर कुंकू. कुंकवाला चिकटलेले दोन तांदूळ.

माझा हात लाल झाला. मी ओठ दाबून धरले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"शेठ, ही पूजा कोणी केली?"

"आईने. उद्घाटनाला, मशीन चालू करायच्या आधी. मशीनची, आणि त्याच्या या... चकत्यांची. का?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आता मी जे बोलणार आहे ते मालकाच्या आईबद्दल आहे, मालकासमोर, आणि आई समोरच्या खुर्चीत बसली आहे. कोर्समध्ये याचा धडा नव्हता. मी सरळ सांगितलं. ही फ्लॉपी वाचता येत नाही. हिच्यावरचा तुकडा मशीनमध्ये गेलेलाच नाही. म्हणून दुसरा माणूस बसला की मशीन पडतं. रेखाचा काही संबंध नाही.

शेठ लाल झाले. फ्लॉपीपेक्षा थोडे कमी. "म्हणजे माझ्या आईमुळे?"

आईसाहेबांनी हात वर केला. "थांब. मी कुंकू लावलं. मला कुणी सांगितलं नाही त्याला भोक असतं म्हणून. ते माझं." मग त्यांनी दाराशी उभ्या सबनीसांकडे पाहिलं. "पण वाचता आलं नाही तेव्हा मशीन काही बोललं असेल की. मुकं आहे का ते?"

मला तोच प्रश्न विचारायचा होता, पण मी विचारला असता तर त्याला दुसरा वास आला असता.

सबनीस टायशी खेळत होते. मग म्हणाले, "बोललं. म्हणालं, ही फ्लॉपी वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू, थांबू, की सोडून पुढे जाऊ? मी दोनदा प्रयत्न केला. सगळे टाळ्या वाजवायला उभे होते, आईसाहेब. मी पुढे जा म्हटलं. शेवटी पडद्यावर आलं, काम पूर्ण झालं. मला वाटलं, असेल झालं."

"आणि महिनाभर?" शेठ ओरडले. "महिनाभर उंदीर पकडत होतास? आत्ताच्या आत्ता..."

"सायब."

रेखा दारात आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"सायब, मी तवा तिथंच व्हते, पेढं घेऊन. त्यांनी दोनदा फ्लापी काढली, फुंकली, परत घातली. तुमी मागनं म्हनालात, मुहूर्त टळतोय, आटपा लवकर. तुमीच म्हनालात."

शेठना असं कुणी बोलल्याचं कुणाला आठवत नसावं. रेखाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती मागे सरकली नाही. मला वाटलं, गेली हिची नोकरी. मशीन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गेली.

शेठनी आईकडे पाहिलं. आईसाहेब म्हणाल्या, "म्हणालास तू. मलाही ऐकू आलं होतं."

शेठ खुर्चीत बसले. बराच वेळ टेबलावरच्या डब्याचं झाकण उघडत-लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, नीट व्हायला काय लागेल?"

"नवी फ्लॉपी मुंबईहून आणते. मग सगळं पुसून तळापासून पुन्हा. मुहूर्त न बघता."

"आणि टाळ्या न वाजवता," आईसाहेब म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवा संच घेऊन आले. आधी मशीनचं वाचायचं डोकं स्पिरिटने पुसलं. कापूस गुलाबी झाला. मग सगळं पुसलं आणि पहिल्या थरापासून सुरुवात केली. प्रत्येक थर चढला की तो खरंच चढलाय का ते तपासायचं, मगच पुढचा. हे काम बघायला फार कंटाळवाणं असतं. शेठ दारात येऊन उभे राहायचे, तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे आणि निघून जायचे. सबनीस माझ्या शेजारी बसून होते. टाय घरी ठेवून आले होते. मशीन काही बोललं की मोठ्याने वाचून दाखवायचे, अगदी साधं "ठीक" सुद्धा.

दुपारपर्यंत पॅकेज चढलं. सुमन पहिल्या पडद्यावर बसली. मी रेखाला म्हटलं, "ये."

ती उठेना. "दुसरीला बसवा आधी."

"नाही. तूच."

ती दुसऱ्या पडद्यासमोर बसली. कळफलकाला हात लावण्याआधी तिने तळवे ओढणीला पुसले. नाव टाइप केलं, एकेक अक्षर. खोलीत आम्ही सात-आठ माणसं होतो, शेठही होते, आणि दारात टोपी हातात घेऊन बाळारामकाका. पडद्यावर तिचं नाव आलं, त्याखाली मालाची यादी उघडली. सुमनचा पडदा चालत होता. रेखाचा चालत होता. मग तिसरी बसली, चौथी बसली. चारही चालले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ पुढे आले आणि रेखाला म्हणाले, "चुकलं आमचं." एवढंच. तिने मान हलवली आणि टाइप करत राहिली. तिला त्या वाक्याहून पडद्यात जास्त रस होता. सबनीसांची नोकरी टिकली. का, ते मला कुणी सांगितलं नाही, पण आईसाहेबांचा हात असणार असं मी धरून चालते.

मी त्या दिवशी एसटीत बसून घरी येताना स्वतःवर फार खूश होते. उरलेलं कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा. गेटवर नवा दांडा बसवला होता, आडवा पडणारा. दांड्याशी खुर्चीवर बाळारामकाका. डोक्यावर तीच टोपी. गेटच्या भिंतीची सावली त्याच्या गुडघ्यापर्यंत येऊन संपत होती.

"काका, तुम्ही इथे?"

"तुमचं मशीन चाललं ना." तो सरळ आवाजात म्हणाला. "गोदामात आता येकच मानूस लागतो. दोघांना घरी धाडलं. मला म्हनाले, तुझं वय झालंय, गेटवर बस, गाड्या मोज."

मी रेखाचं विचारलं. तिला बघून गेलेल्या लोकांचं पुढे काय झालं?

"आले व्हते परत. मशीन चालल्यावर. म्हनाले, आता आमची काय हरकत नाय." त्याने बाजूला तंबाखू थुंकली आणि पहिल्यांदा हसला. "पोरीनं सांगितलं, माझी हाय."

मी हसले, तोही हसला. मग मी नेहमीच्या सवयीने दांड्याच्या बाजूने आत जायला निघाले. त्याने हात आडवा केला.

"पास?"

"काका, मी..."

"पास लागतो, इंजिनियरबाय. नवा नियम हाय."

कारखान्याने टपालाने धाडलेला पास पर्सच्या तळाशी होता. मी मीटर खाली ठेवला, पेटी खाली ठेवली आणि शोधून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ऊन रणरणत होतं. हायवेवरून ट्रक जात होते. काका वाचत होता, आणि मी एक शब्द न बोलता उभी राहिले.